बारा मिनिटांचा नियम कुठे गेला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला मालिकांच्या आक्रसत चाललेल्या भागांवरचा लेख वाचला. अमेरिकेत १९६० च्या दशकात तासाभराच्या मालिकेचा भाग ५० मिनिटांच्या आसपास असायचा, तो जाहिरातींपायी ४२-४३ मिनिटांवर आला, ही माहिती चांगली दिली आहे. माझा राग शेवटच्या परिच्छेदावर आहे. आपल्याकडच्या प्रेक्षकांना याची सवय झाली आहे, त्यांची काही तक्रार नाही, हे लेखकाने कुणाला विचारून लिहिलं? आमच्या घरात तक्रार आहे आणि ती रोज संध्याकाळी आहे.

माझ्या सासूबाईंची दृष्टी काचबिंदूने गेली. त्या मालिका ऐकतात. कोण जिना चढतंय, कोण चिडून भांडी आपटतंय, कोण नुसतंच उभं राहिलंय, हे त्यांना आवाजावरून कळतं. माझ्या आधी कळतं. ज्याला दिसतं तो ब्रेक लागला की उठून गॅसवरचं दूध बघून येतो. ज्याला दिसत नाही त्याने काय करायचं? एकाएकी आवाज वाढतो, गाणी सुरू होतात, त्या दचकतात आणि मला विचारतात, "संपली का गं?"

एका भागाचं तर मला अजून विसरता येत नाही. मालिकेतल्या मुलीचा घर सोडून गेलेला बाप परत येणार होता. सासूबाई आठवडाभर त्याची वाट बघत होत्या. दार वाजलं, मुलीने कडी काढली, आणि पुढच्या क्षणाला तीच नटी, त्याच आवाजात, मसाल्याचं कौतुक करायला लागली. "अगं, बाप दारात उभा आहे ना? मग ही मसाल्याचं काय सांगत बसलीय?" मी म्हटलं, "आई, ही जाहिरात आहे." बऱ्याच वेळाने मालिका परत सुरू झाली. आता दृश्य स्वयंपाकघरातलं. मुलगी जावेला सांगतेय की बाबांच्या आवडीची आमटी करायची, आणि फळीवरून तोच मसाला काढून त्याचं नाव घेऊन त्याचे गुण सांगतेय. सासूबाई म्हणाल्या, "परत जाहिरात." मी म्हटलं, "नाही आई, आता मालिकाच आहे." त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मघाशी तू खरं सांगितलंस की आत्ता?" बाप काय बोलला ते ऐकायच्या आत भाग संपला. दुसऱ्या दिवशी 'मागील भागात' म्हणून तेच दार, तीच कडी, तोच मसाला. एका आंधळ्या बाईला मालिका कुठली आणि विक्री कुठली हे सांगायला शेजारी माणूस बसवावा लागतो, ही गोष्ट मला साधी वाटत नाही.

हे चालतं कसं म्हणून मुलाकडून १९९४ चे केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम काढून घेतले आणि सातवा नियम बसून वाचला. जाहिरात कार्यक्रमापेक्षा स्पष्टपणे वेगळी ओळखता आली पाहिजे, असं त्यात लिहिलेलं आहे. जाहिरातीचा आवाज अति मोठा नसावा, हेही आहे. आणि तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं, त्यातली १० जाहिरातींची आणि २ वाहिनीने स्वतःचा ढोल वाजवायची, हेसुद्धा आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१२ मध्ये या १२ मिनिटांसाठी वेगळं विनियमन काढलं, २०१३ मध्ये त्यात दुरुस्ती केली. त्याच वर्षी वाहिन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि सक्तीची कारवाई थांबली. वाहिन्यांना कोर्ट आहे. प्रेक्षकाने कुठे जायचं?

या हिशोबाने अर्ध्या तासात ६ मिनिटं जाहिराती आणि २४ मिनिटं गोष्ट मिळायला हवी. कुणीही घड्याळ समोर ठेवून बसावं. 'मागील भागात', शीर्षकगीत, प्रत्येक ब्रेकनंतर मागचाच प्रसंग थोडा परत, एकेका चेहऱ्यावर तीन-तीनदा जाणारा कॅमेरा, शेवटी 'पुढील भागात'. हे सगळं वजा केल्यावर गोष्ट किती उरते ते मोजावं. मसाल्याचा प्रवेश तर कुठल्याच ब्रेकमध्ये मोजला जात नसणार, कारण तो गोष्टीच्या पोटातच शिरलेला आहे.

दूरदर्शनवर १३ भागांच्या मालिका लागायच्या तेव्हाही प्रायोजक होते, पण सुरुवातीला आणि मध्ये थोडा वेळ येऊन जायचे. शिवाय तेव्हा घरात अँटेना लावला की झालं, वाहिनीचे पैसे नव्हते. २०१९ मध्ये आपण १३० रुपये आणि वर कर नुसत्या जोडणीचे भरायला लागलो, त्यावर एकेका वाहिनीची किंमत वेगळी. पैसे भरूनही जाहिराती बघायच्या असतील तर पैसे कशाचे घेता, एवढंच मला केबलवाल्यांना आणि वाहिन्यांना विचारायचं आहे. आमचा केबलवाला म्हणतो, वरून येतं तसं सोडतो.

सांगलीच्या प्रेक्षकाला सवय झाली असं म्हणणाऱ्याने हे गाव कुठलं ते तरी लक्षात घ्यावं. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं ते इथे. सासूबाईंनी भावे नाट्यमंदिरात तीन-तीन अंकी नाटकं बघितली आहेत. अंक पडायचा तो लेखकाने ठरवला तिथे पडायचा. प्रसंग कुठे थांबवायचा हे ठरवणं लिहिणाऱ्याचं काम आहे, आणि ते त्याच्या हातातून काढून घेतलंत तर नटांनी कितीही जीव तोडून काम केलं तरी ते वाया जातं. आमच्या भागात मालिकांमध्ये काम करणारी पोरं आहेत, मेहनती आहेत, माझा राग त्यांच्यावर अजिबात नाही.

आपल्याला एक विनंती आहे. रोज आपण टीव्हीवरच्या कार्यक्रमांच्या वेळा छापता. महिनाभर त्या वेळांसमोर गोष्ट प्रत्यक्ष किती मिनिटं चालली तेही छापा. एक माणूस घड्याळ घेऊन बसवला की काम होतं.

आणि लिहितेच आहे तर हेही. गेल्या रविवारी अंकाचं पहिलं पान अख्खं जाहिरातीचं, ते उलटलं तर तिसरं पानही जाहिरातीचंच. धरणातल्या साठ्याची बातमी मला पाचव्या पानावर खाली सापडली. सासूबाईंना सकाळी पेपर मी वाचून दाखवते. बातमी पहिल्या पानावर द्यावी.

– एक वाचक, गावभाग, सांगली