कॉर्नेलच्या अल्फा चॅप्टरबद्दल

ती. आई-बाबांस सा. न.

बाबा, फ्रॅटर्निटी म्हणजे रॅगिंग करणाऱ्या पोरांचं टोळकंच ना, असं तुम्ही विचारलंत. फोनवर नीट सांगून झालं नसतं, म्हणून अल्फा फाय अल्फा या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी काढलेल्या फ्रॅटर्निटीचीच हकीकत लिहिते. फ्रॅटर्निटी म्हणजे कॉलेजातल्या मुलग्यांची सभासद-संघटना.

1904-05 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकणारे सहा कृष्णवर्णीय विद्यार्थी पुढच्या वर्षी परतलेच नाहीत. मुळात ही मुलं मूठभर, त्यात एकटी पडलेली. गोऱ्या मुलांना त्यांच्या फ्रॅटर्निटीत राहायला घर, वरच्या वर्गातल्यांचा आधार, ओळखीपाळखी सगळं मिळे. यांना तिथे सभासदत्व नव्हतं. यांच्यातले काही त्याच घरांमध्ये कामाला होते. मग उरलेल्यांनी एकमेकांचा अभ्यास सांभाळायला मंडळ काढलं.

वाद पुढे झाला. मंडळाचे प्रमुख सी. सी. पॉइंडेक्स्टर यांना ते साहित्य-अभ्यासापुरतंच राहायला हवं होतं, बाकीच्यांना फ्रॅटर्निटी हवी होती. 4 डिसेंबर 1906 ला फ्रॅटर्निटीचा निर्णय झाला आणि जॉर्ज केली पहिले अध्यक्ष झाले. मला या मुलांचं पटतं. नुसतं अभ्यासमंडळ असलं तर ते चालवणारी मुलं पास होऊन गेली की बंद पडतं; शपथ, घटना आणि दरवर्षी नवे सभासद असले की टिकतं.

डिसेंबर 1907 मध्ये हॉवर्ड विद्यापीठात दुसरी शाखा निघाली (शाखेला इथे चॅप्टर म्हणतात), जानेवारी 1908 मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली. शाखांना ग्रीक अक्षरं क्रमाने मिळतात: कॉर्नेल अल्फा, हॉवर्ड बीटा. शेवटचं ओमेगा मात्र कुठल्याच कॉलेजला देत नाहीत. सभासद वारला की तो 'ओमेगा चॅप्टर'मध्ये गेला म्हणतात. आई, हे मला फार आवडलं.

संस्थापक सात मानतात, पण ती यादीही एकदा बदलली. 1952 मध्ये जेम्स मॉर्टन यांच्या जागी युजीन किंकल जोन्स यांचं नाव आलं. त्याच वर्षी बॉस्टनच्या सिग्मा चॅप्टरमध्ये मार्टिन ल्यूथर किंग दाखल झाले.

आता रॅगिंग. इथे त्याला हेझिंग म्हणतात, आणि बाबा, तुमची भीती खरी आहे. 1990 मध्ये कृष्णवर्णीयांच्या फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटींनी (मुलींच्या तशाच संघटनांनी) मिळून सभासद होण्याआधीच्या उमेदवारीचा जुना प्रकार, ज्यात हेझिंग चाले, अधिकृतपणे बंद केला. पण जुने सभासद 'आम्ही सोसलं, तुम्हीही सोसा' म्हणत राहिले आणि तो चोरून चालू राहिला. 2024 च्या कायद्याने कॉलेजांना आता हेझिंगच्या प्रकरणांचा अहवाल जाहीर करावा लागतो. कुणाच्या मुलाने कुठल्याही चॅप्टरबद्दल विचारलं, तर आधी तो अहवाल वाचायला सांगा.

तुमची लेक