मित्रास पत्र: पट्टी झाकून पाहिलेला डाव

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. बुद्धिबळाचा डाव पाहताना मी अजूनही त्या पट्टीकडेच डोळे लावून बसतो का, असे तू थट्टेने विचारले आहेस, पण ते मला चांगलेच झोंबले आणि म्हणूनच हे उत्तर लांबणार आहे. पडद्यावर पटाशेजारच्या ज्या उभ्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर कोणाची बाजू किती वरचढ ते संगणक दाखवतो आणि जिच्यावरून मी तुझ्याशी इतकी हुज्जत घातली, ती आता मी झाकून ठेवतो. ही उपरती कशी झाली ते सांगण्याआधी दोन अपराध कबूल केले पाहिजेत.

पहिला अपराध 2021 सालचा. दुबईत तेव्हाचा जगज्जेता कार्लसन आणि त्याचा आव्हानवीर नेपोम्नियाची यांच्यातल्या जगज्जेतेपदाच्या लढतीचे पहिले पाचही डाव बरोबरीत सुटले होते. 3 डिसेंबरला सहावा डाव सुरू झाला आणि कार्लसनने 26व्या चालीला वजीर देऊन दोन हत्ती घेतले, तेव्हा आपण दोघेही फोनवर ओरडलो होतो. पुढे डाव रेंगाळला. समालोचकांचे विनोद संपले, पट्टी मधोमध थिजली, तिचा आकडा शून्यावर, म्हणजे समसमान, बसला. "बरोबरी आहे, झोप आता," असा तुला संदेश पाठवून मी दिवा मालवला. सकाळी पाहतो तर 136 चाली, पावणेआठ तासांचा खेळ आणि कार्लसन विजयी! जगज्जेतेपदाच्या लढतींतला आजवरचा सर्वांत लांब डाव संपत होता तेव्हा मी घोरत होतो, आणि तू जागा होतास. तू मला एका शब्दानेही डिवचले नाहीस, हे तर अधिकच लागले.

त्या शून्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. शेवटी पटावर सातच मोहरी होती: कार्लसनचा राजा, हत्ती, घोडा आणि दोन प्यादी; समोर नेपोम्नियाचीचा राजा आणि एकटा वजीर. सात मोहऱ्यांपर्यंतच्या साऱ्या स्थिती संगणकाने आधीच सोडवून कोष्टकात मांडून ठेवलेल्या आहेत, आणि ते कोष्टक सांगत होते की काळ्याने, म्हणजे नेपोम्नियाचीने, अचूक खेळले तर बरोबरी. सारी मेख त्या 'तर'मध्ये होती. सात तास खुर्चीत बसलेल्या माणसाला प्रत्येक चालीमागे 30 सेकंदांची भर मिळत होती आणि तेवढ्यात वजीर नेमक्या घरावर ठेवायचा होता. 130व्या चालीला त्याने तो चुकीच्या घरावर ठेवला. कोष्टकाला थकवा येत नाही. म्हणूनच थकलेल्या माणसाविषयी त्याला काही सांगताही येत नाही. मी मात्र ते उत्तर त्या दोन माणसांचे समजून झोपी गेलो.

दुसरा अपराध तुझ्या डोळ्यांदेखत घडला. 12 डिसेंबर 2024, सिंगापूर, जगज्जेतेपदाच्या लढतीतला डिंग लिरेन आणि गुकेश यांचा चौदावा आणि शेवटचा डाव, दोघांचेही साडेसहा गुण; डिंगची मोहरी पांढरी, गुकेशची काळी. त्या संध्याकाळी आपण एकाच खोलीत होतो. माझ्यापुढे संगणक आणि पट्टी, तुझ्या मांडीवर तुझा जुना लाकडी पट, ज्यावर तू एकेक चाल लावत होतास. दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट. गुकेशची दोन प्यादी, डिंगचे एक. सगळ्यांना बरोबरी दिसत होती, आणि मी तर दुसऱ्या दिवशीच्या जलद डावांच्या गप्पा सुरू केल्या होत्या. 55व्या चालीला डिंगने हत्ती मागे घेऊन हत्तीसमोर हत्ती ठेवला. पट्टी एकदम काळी झाली आणि मी किंचाळलो, "गेला! डिंग गेला!"

तू वर पाहिलेही नाहीस. हात उंच करून म्हणालास, "गप्प बस. मला बघू दे."

मग तू हळूहळू मोहरी हलवलीस. हत्तींची मारामारी केलीस, पांढरा राजा पुढे आणलास, आणि काळा उंट उचलून मधल्या घरावर पांढऱ्या उंटासमोर ठेवलास. पांढरा उंट होता अगदी कोपऱ्यात. कोपऱ्यातल्या उंटाला एकच तिरकी वाट असते, आणि त्या वाटेवर आता काळा उंट उभा होता, मागे राजाचे बळ घेऊन. उंट कोपऱ्याबाहेरच्या घरावर असता तर बाजूला सरकला असता. इथे मारामारी टळत नव्हती. उंटही गेले की उरतात दोन राजे आणि दोन प्याद्यांसमोर एक प्यादे, म्हणजे काळ्याचा विजय. तू मान वर केलीस तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर जे होते, तेच काही क्षणांत पडद्यावर गुकेशच्या चेहऱ्यावर दिसले. त्यालाही ती चूक लगेच दिसली नव्हती, आपण दुसरीच चाल खेळणार होतो, असे त्याने नंतर सांगितले. म्हणजे ज्या क्षणी अठरा वर्षांच्या त्या मुलाला जगज्जेतेपद मिळाल्याचे ठाऊक नव्हते, त्या क्षणी मला ठाऊक होते, आणि का ते मला सांगता येत नव्हते. तुला कारण सापडले. मला नुसता निकाल मिळाला.

त्यानंतर ज्यांनी घोडा अडीच घरे धडपणे चालवलेला नाही, असे लोक डिंगला "ही चाल मुलांनाही दिसली असती" म्हणून हिणवत होते, ते वाचून मला संताप आला. मग आठवले की मीही त्याच पट्टीच्या जोरावर किंचाळलो होतो, आणि संताप गिळला.

आता उपाय सांगतो. पडद्यावरच्या त्या पट्टीवर मी जाड कागद चिकटवला आहे आणि समालोचनाचा आवाज बंद ठेवतो. जवळ वही घेऊन प्रत्येक चालीआधी माझी चाल लिहितो. मागच्या आठवड्यात असा एक पूर्ण डाव पाहिला. 41 चालींपैकी माझ्या 14 जुळल्या, आणि त्यांतल्या निम्म्या तर सक्तीच्या मारामाऱ्या होत्या. एका जागी काळ्याने पंचवीस मिनिटे विचार करून राजा नुसता एक घर बाजूला नेला. पूर्वी मी त्या पंचवीस मिनिटांत उठून दुसरी कामे केली असती. आता बसून राहिलो, आणि तीन चालींनंतर पांढऱ्याच्या घोड्याला शह देता येईना तेव्हा ते एक घर मला समजले. खरे सांगतो, मी एकटाच खोलीत टाळी वाजवली.

पुढच्या मोठ्या लढतीच्या वेळी ये. मी मागवलेला पट अजून आलेला नाही, म्हणून तुझाच आण. त्यातल्या कान तुटलेल्या घोड्यासकट. काळ्या बाजूने मोहरी तू हलव, पांढऱ्या बाजूने मी हलवीन. आणि मी मध्येच कागदाची कड उचलून पाहायला लागलो, तर तेव्हासारखाच हात उंच कर.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव