बंधन गोलरक्षकाच्या सूर मारण्यावर नको, फाकून बसण्यावर हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मानवसदृश रोबोंच्या फुटबॉल स्पर्धांत गोलरक्षकाला सूर मारू देऊ नये, असा एक सूर लागतो. रोबो पडून मोडतो आणि आडवा पडला की गोल अडवून राहतो, ही त्यामागची कारणे. दोन्ही खरी आहेत. पण सूर बंद केला, की गोलरक्षकाला आधीच पाय फाकवून, हात पसरून गोलरेषेवर बसवले जाते आणि तो हलतच नाही. बंधन हवे ते या बसण्यावर.

हिशेब पाहा. 2.1 मीटरवरून सेकंदाला 3 मीटर वेगाने मारलेला चेंडू 0.7 सेकंदात रेषेवर पोहोचतो. सेकंदाला 30 चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्याला दिशा ओळखण्यासाठी निदान चार चित्रे लागतात, त्यात 0.1 सेकंद जातोच. उरलेल्या वेळात 90 सेंमी उंच रोबो नुसता कलंडू दिला तर जमिनीला टेकत नाही, विरुद्ध पायाने रेटा द्यावाच लागतो. चेंडू पाहून केलेली ही खरी करामत आहे. फाकून बसणाऱ्याला चेंडू दिसला नाही तरी चालते! शिवाय 2.6 मीटरच्या गोलात 90 सेंमी पसरलेला रोबो तिसऱ्या भागाहून जास्त जागा झाकतो, माणसांच्या 7.32 मीटरच्या गोलात हात पसरून उभा असलेला उंच गोलरक्षक जेमतेम पाव भाग.

म्हणून खांद्यांपेक्षा रुंद बैठक सलग 5 सेकंदांपर्यंतच चालावी. एवढ्याने मात्र भागणार नाही. क्षणभर उठून पुन्हा बसण्याची पळवाट लगेच निघेल, तेव्हा मध्ये 10 सेकंद सरळ उभे राहणे सक्तीचे हवे. सामन्यात पंच पट्टी घेऊन धावू शकत नाही. म्हणून तपासणीच्या वेळीच संघाने गोलरक्षकाच्या सर्व बैठका करून दाखवाव्यात, खांद्याच्या मापाची पट्टी लावून पाहावी आणि छायाचित्रे पंचांकडे ठेवावीत.

सूर मारल्यावर 5 सेकंदांत उठायची हालचाल सुरू व्हावी आणि 20 सेकंदांत रोबो उभा राहावा; नाहीतर 30 सेकंद बाहेर. चेंडू छातीखाली अडकला तर दहा मोजून पंचाने तो बाहेर काढावा.

मोडतोडीचे मूळ बहुधा खांद्यात असते. मोटर ताठ असताना कोपर आधी आपटले, की सगळा धक्का खांद्याच्या गिअरवर येतो आणि दात तुटतात. टेकण्याच्या क्षणाआधी मोटरचा जोर कमी करावा, कोपराला रबर लावावे. तपासणीत डावीकडे आणि उजवीकडे तीन-तीन सूर मारून जो माणसाचा हात न लागता उठेल, त्यालाच सूर मारायची परवानगी द्यावी.

फाकून बसण्याचा सर्वाधिक फायदा होतो तो पेनल्टीत. तिथे 5 सेकंदांचीही सवलत नको. चेंडूला पाय लागेपर्यंत गोलरक्षक रेषेवर, पाय खांद्यांच्या आत ठेवून उभा हवा.

आपला,
एक वाचक