ताई, तुम्ही ती सही होऊ दिली नाहीत

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुम्हाला फोन करून आभार मानले असते, तर तुम्ही नेहमीसारखं "अहो, ते माझं कामच आहे" म्हणून विषय संपवला असता. म्हणून लिहून काढतेय, आणि उघड लिहितेय, म्हणजे ह्यांच्यासारखं ज्यांचं कामावर काही होतं त्यांच्याही हाती चार गोष्टी लागतील. नाव तुमचं घालत नाही, शेठचं तर नाहीच नाही.

ह्यांचा हात पॉवर प्रेसमध्ये (पत्रा दाबून माल काढणाऱ्या मशीनमध्ये) गेला आणि उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून काढावी लागली. त्या आठवड्यात वॉर्डात येऊन धीर देणारे खूप होते. तुम्ही मात्र शेजारच्या खाटेवरच्या आजींचं काम आटोपून आमच्याकडे वळलात आणि धीर वगैरे न देता म्हणालात, "केस पेपर दाखवा बरं." खरं सांगते, तेव्हा मला रागच आला होता. पण तुमचं बोट ज्या ओळीवर थांबलं ती ओळ आमच्यापैकी कुणी वाचलेलीच नव्हती. 'घरी लोखंडी दरवाज्यात बोटं अडकून इजा.' ह्यांना दवाखान्यात आणणाऱ्या शेठच्या माणसानं तसं सांगितलं होतं, आणि ह्यांना तेव्हा शुद्ध कुठली! तुम्ही त्याच दिवशी डॉक्टरांना भेटायला लावलंत. ह्यांच्या तोंडची खरी हकीकत तारीख-वेळेसह नोंदवून घ्यायला लावलीत, एमएलसी (पोलिसांना कळवायची दवाखान्यातली नोंद) झाली, पोलिसांनी जबाब घेतला. पुढे शेठच्या वकिलानं त्या दरवाज्याची गोष्ट काढलीच, तेव्हा आमच्याकडे दाखवायला कागद होता.

मग तो स्टॅम्प पेपर. पंचवीस हजार रुपये, आणि खाली छापलेलं, 'सर्व हिशोब मिळाला, यापुढे काहीही तक्रार नाही.' घरातली मोठी माणसं म्हणत होती, घ्या, नाहीतर तेही जातील. त्यांचंही चुकीचं नव्हतं. घरात येणारा पगार बंद झाल्यावर पंचवीस हजार लहान दिसत नाहीत. तुम्ही एवढंच सांगितलंत की भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कायद्यात टिकत नाही. तडजोड करायची असेल तर जरूर करा, पण ती भरपाई आयुक्तांकडे, म्हणजे कामगारांच्या भरपाईचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, नोंदवून. आणि तोवर कशावरही सही नाही, कोऱ्या व्हाउचरवर तर मुळीच नाही.

शेठचं सगळं बोलणं एकाच वाक्यावर उभं होतं: "आमच्याकडे ईएसआय नाही, कसला विमा नाही, त्यामुळे माझ्यावर काही येत नाही." (ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कामगारांसाठीचा सरकारी विमा.) हे वाक्य किती ठिकाणी चालत असेल कोण जाणे. तुम्ही ते उलटं करून दाखवलंत. आधी माणसं मोजायला लावलीत, ठेकेदाराची धरून. दहा किंवा जास्त निघाली असती आणि पगार २१,००० च्या आत असता, तर ईएसआय लागू. मग मालकानं हप्ता भरला नसला तरी ईएसआयचं महामंडळ लाभ देऊन ते पैसे मालकाकडून वसूल करू शकतं, आणि तेव्हा दुसऱ्या कायद्याखाली भरपाई मागता येत नाही. आमच्याकडे माणसं सातच निघाली. म्हणजे ईएसआयचं दार बंद, आणि म्हणूनच तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याचं उघडं. तिथे विमा असला तर विमा कंपनी भरते, नसला तर मालकानं स्वतःच्या खिशातून भरायचं. वीज लावून माल बनवला जात असेल, तर माणसं किती हा तिथे प्रश्नच नाही.

त्यावर शेठ म्हणाला, हा माझा माणूसच नाही, ठेकेदाराचा आहे. ठेकेदाराचा फोन तर अपघाताच्या दुसऱ्या दिवसापासून बंद. तुम्ही त्याच कायद्याचं कलम १२ काढलंत. काम ज्याच्या धंद्याचं, त्या मूळ मालकाकडून भरपाई मागता येते. त्यानं ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. त्यांचं ते बघतील.

खरी पंचाईत पगाराची होती. रोखीत पगार, ना पावती ना हजेरीकार्ड. मला वाटलं, इथे आपण संपलो. तुम्ही ह्यांचा मोबाईल मागितलात आणि तासभर त्यात डोकं घालून बसलात. उचल म्हणून गुगल पेवर आलेले पैसे, सुपरवायझरचा 'उद्या रविवार चालू आहे, आठला या' असा व्हॉट्सअॅप मेसेज, मशीनसमोर उभं राहून मित्रानं काढलेला फोटो, त्यात मागच्या भिंतीवर कारखान्याचं नाव. हे सगळं तारखेनं लावून प्रिंट काढायला लावलंत. त्याच फोटोत प्रेसला गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून लावायचा आडोसा) नाही हे दिसतं, ते आमच्या कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

गार्डचं महत्त्व पुढे कळलं. "स्वतःच्या निष्काळजीपणानं हात घातला" असं शेठनं लेखी दिलं होतं. तुमचं उत्तर: साधा निष्काळजीपणा ह्या कायद्यात बचावच नाही. दारू किंवा नशेत असणं, सुरक्षेचा स्पष्ट नियम मुद्दाम मोडणं, गार्ड मुद्दाम काढून टाकणं, असलं काही मालकानं सिद्ध केलं तरच तो सुटतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर त्यातही सुटत नाही. आणि आमच्या बाबतीत गार्ड काढणारा कोण होता? माल जास्त पडावा म्हणून तो महिनोन् महिने कोपऱ्यात पडून होता.

आता आकडा. पतसंस्थेत हिशोब लिहिण्यात माझी दहा वर्षं गेलीत, तरी तुम्ही पाठकोऱ्या कागदावर मांडलेलं ते गणित मी जपून ठेवलंय. पगार १४,०००. कायद्यात पगार १५,००० पर्यंतच धरतात, आपण त्याच्या आत. त्याचे ६० टक्के ८,४००. ह्यांचं वय ३० पूर्ण, त्या वयासाठी कायद्यातल्या तक्त्यात दिलेला गुणांक २०७.९८. गुणाकार १७,४७,०३२. एका हाताची दोन बोटं गेली तर कायद्याच्या परिशिष्टात कमाईची क्षमता २० टक्के गेली असं धरलंय, म्हणजे ३,४९,४०६ रुपये. पंचवीस हजार आणि साडेतीन लाख! शिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. रक्कम देय झाल्यापासून महिन्यात दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि उशिराला कारण पटलं नाही तर ५० टक्क्यांपर्यंत दंड.

तुमचा आणखी एक गुण सांगते. जे मिळणार नाही तेही तुम्ही तोंडावर सांगितलंत. कुणीतरी ह्यांच्या डोक्यात भरवलं होतं की शंभर टक्के अपंगत्व मागा, सर्वोच्च न्यायालयानं दिलंय. दिलंय खरं, १९७५ साली, पण त्या सुताराचा हात कोपराच्या वरून गेला होता आणि एका हातानं सुतारकाम होत नाही. तुमची तीन बोटं शिल्लक आहेत, असं तुम्ही ह्यांना स्पष्ट म्हणालात. बँकेतल्या वीस रुपयांच्या अपघात विम्याचंही तसंच: त्यात एक हात, एक पाय किंवा एका डोळ्याची दृष्टी पूर्ण गेली तर एक लाख, दोन बोटांना काही नाही. वाईट वाटलं, पण खोटी आशा घेऊन रांगेत उभं राहणं वाचलं.

आणि तो दवाखान्याच्या फाटकावरचा 'एजंट', जो मिळेल त्यातले तीस टक्के मागत होता! कामगारांना १९८७ च्या कायद्याखाली सरकारी खर्चानं वकील मिळतो, तालुक्या-जिल्ह्याच्या न्यायालयात विधी सेवेचं कार्यालय असतं, १५१०० वर फोन करून विचारता येतं, हे त्या फाटकावरच पाटी करून लावायला हवं. आम्हाला मिळालेल्या वकीलबाईंनी एक रुपया घेतला नाही.

नोटीस गेली, अर्ज दाखल झाला (मुदत दोन वर्षांची होती, पण तुम्ही आम्हाला थांबूच दिलं नाहीत), आणि त्या गणिताची प्रत पाहून शेठचा वकील स्वतःहून बोलणीवर आला. आयुक्तांसमोर करार नोंदवून तीन लाख एकोणपन्नास हजार चारशे सहा रुपये आले. व्याजावर आम्ही पाणी सोडलं. तुम्हाला ते फारसं रुचलं नव्हतं हे मला माहीत आहे, पण शाळेची फी डोक्यावर होती. ह्या पैशावर कुणा सावकाराला जप्ती आणता येत नाही, हे तुम्ही जाता जाता सांगितलेलं वाक्यही उपयोगी पडलं. कसं, ते भेटीत सांगेन.

हे आता पॅकिंगच्या कामावर जातात. पेन डाव्या हातात धरायला शिकलेत. अक्षर वाईट आहे, पण आधीही काही मोत्यासारखं नव्हतं. आमचा अपघात आधीचा, म्हणून १९२३ चाच कायदा चालला. नोव्हेंबर २०२५ पासून हे सगळं सामाजिक सुरक्षा संहितेत गेलंय आणि घरून कामावर येता-जाता झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दाखवता आला तर, त्यात धरतात, असं वकीलबाई म्हणाल्या. हे मुद्दाम लिहितेय, कारण ह्यांच्या जुन्या खात्यातल्या एका मुलाला सकाळी कामावर जाताना गाडीनं उडवलं. त्याची आई सोमवारी तुमच्याकडे येईल. केस पेपर आधी मी वाचलाय. हकीकत बरोबर आहे. पगाराचा पुरावा मात्र काहीच नाही. मोबाईल घेऊन यायला सांगितलंय.

औषधांच्या बिलांचा मुद्दा अजून बाकी आहे, त्याची पुढची तारीख लागली की कळवते.

तुमची नम्र,
एका प्रेस ऑपरेटरची बायको