वैयक्तिक मार्गदर्शनाच्या नावाखाली सरसकट शेरे : सदस्यत्वाचे पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

मी सांगली जिल्ह्यात पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचे वर्ग घेते. विद्यार्थ्यांसाठी तुमच्या कोडिंग-सराव ॲपचं वार्षिक सदस्यत्व घेतलं आणि पूर्ण रक्कम आगाऊ भरली. ‘प्रत्येकाची चूक ओळखून वैयक्तिक मार्गदर्शन’ अशी तुमची जाहिरात होती. असं मार्गदर्शन मुलांना मिळालेलं नाही.

लीप वर्षाचाच प्रश्न घ्या : दिलेलं वर्ष लीप आहे का, हे सांगणारा प्रोग्रॅम लिहायचा होता. एका मुलीने वर्षाला 4 ने भाग जातो का, एवढंच तपासलं. 2023 आणि 2024 बरोबर आले, 1900 ला प्रोग्रॅम चुकला. शंभराने भाग जाणाऱ्या वर्षाला 400 नेही भाग जावा लागतो. म्हणून 2000 लीप होतं, 1900 नव्हतं. तिला नेमकं हेच माहीत नव्हतं. ॲपने शेरा दिला : ‘उत्तर चूक. लूपचा धडा पुन्हा पाहा.’ तिच्या प्रोग्रॅममध्ये लूप, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा भाग, नव्हताच, त्याची गरजही नाही. तिने बिचारीने तो अख्खा धडा पुन्हा पाहिला. कोणत्या इनपुटला गाडी अडली, हे तुम्ही लपवून ठेवता. ‘1900 टाकून बघ’ एवढं सांगितलं असतं तरी पुढचं तिचं तिने शोधलं असतं.

याच प्रश्नात एका मुलाची अट अगदी बिनचूक होती. पण इनपुट घेताना त्याने ‘वर्ष टाका’ असा मजकूर दाखवला होता. तुमचं ॲप पडद्यावर उमटलेलं अक्षर न् अक्षर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहतं, त्यामुळे सगळ्या चाचण्या नापास आणि गुण शून्य. अटच चुकली असं समजून त्याने बरोबर लिहिलेलं खोडून टाकलं. याचा मला फार राग आला. ‘जादा मजकूर छापला जातोय’ हे सांगणं यंत्राला अवघड नाही.

प्रोग्रॅम यंत्राकडून तपासून घेणं काही नवं नाही. अमेरिकेतल्या रेन्सेलर पॉलिटेक्निकमध्ये 1960 मध्येच पंचकार्डांवरचे (भोकं पाडलेल्या कार्डांवरचे) प्रोग्रॅम असे तपासले जात होते. नुसतं चूक-बरोबर सांगणाऱ्या सोयी आज फुकट मिळतात. मी पैसे मोजले ते त्यापुढच्या कामासाठी.

आणि मदतीचं बटण पुन्हा पुन्हा दाबलं की ॲप सरळ पूर्ण प्रोग्रॅमच हातात ठेवतं. मुलं तो चिकटवतात, हिरवी खूण येते आणि पालकांना ‘प्रावीण्य मिळवलं’ असा अहवाल जातो. वर्गात कागदावर तेच लिहायला सांगितलं की पेन हलत नाही. वर ॲप त्याच खोट्या प्रगतीवरून पुढचे अवघड प्रश्न देतं.

तुमच्या मदत केंद्राला हे सगळं कळवलं. ‘ॲप अपडेट करा’ एवढंच ठरावीक उत्तर आलं.

उरलेल्या मुदतीचे पैसे मला परत हवेत. पालकांना गेलेल्या अहवालांबद्दल लेखी खुलासाही पाठवा, कारण त्या अहवालांवर विसंबून त्यांनी मुलांना पुढच्या वर्गात घालायचं ठरवलं आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं न झाल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

वर उल्लेखलेल्या प्रोग्रॅमचे आणि शेऱ्यांचे स्क्रीनशॉट तसेच पैसे भरल्याची पावती सोबत जोडली आहे.

कळावे,
आपली सदस्य