लेकीस, घणसोलीला

ठाणे, ७ जुलै २०२०

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "दिवसभर लॅपटॉपसमोर असते आई, पण सुचत काहीच नाही." पुढचं बोलणार तेवढ्यात तुझी मीटिंग लागली, म्हणून लिहायला बसले. एरवी ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून डबा घेऊन आलेच असते. पण लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांना, आणि २ तारखेपासून ठाण्यात पुन्हा कडक लॉकडाऊन. तुमच्याकडेही तेच.

घरातून काम तुमच्या ऑफिसला मार्चपासून नवं आहे. मी मात्र तू शाळेत जायच्या आधीपासून नौपाड्याच्या या दोन खोल्यांत ब्लाउज शिवतेय, तेव्हा हक्काने सांगते.

कटिंग मी दुपारी करत नाही. कात्री एकदा चालली की कापड परत जोडता येत नाही, म्हणून ते सकाळी, डोकं ताजं असताना, गिऱ्हाईक यायच्या आत. हूक, काजं, तुरपाई, साडीला फॉल लावणं हे सगळं जेवणानंतर. तुझं नेमकं उलटं चाललंय. सकाळ जाते मेल आणि ग्रुपवरच्या निरोपांत, आणि नवं डिझाइन काढायला बसतेस संध्याकाळी, मीटिंगांनी पार थकल्यावर. त्या वेळी कुणाला सुचणार? साहेबांना स्पष्ट सांग, अकरापर्यंत मीटिंग नको. नाहीच ऐकलं तर एक तास तरी राखून ठेव, आणि त्या तासात फोन दुसऱ्या खोलीत.

पलंगावर बसून काम करू नकोस. जागा लहान असली तरी एक कोपरा कामाचाच ठेव, तिथे जेवायचं नाही. रात्री मी मशीनवर कव्हर टाकते, मग कितीही घाईचं काम आलं तरी उद्या. तूही लॅपटॉप कपाटात ठेवत जा. उशाशी नको.

आता सुचण्याचं. मंडालेच्या तुरुंगात टिळकांना शाई मिळत नव्हती, पेन्सिलीने लिहावं लागे. तरी १९१०-११ च्या हिवाळ्यात काही महिन्यांत त्यांनी गीतेवरचा तेवढा मोठा ग्रंथ लिहून काढला. बघा, कोंडून पडल्यावर किती काम होतं, असं हल्ली जो तो सांगतो. मला ते पुरतं पटत नाही. तो विषय त्यांच्या मनात कित्येक वर्षं घोळत होता. तुरुंगात त्यांनी तो कागदावर उतरवला. बंद खोलीत आधी साठवलेलंच बाहेर येतं, आणि तुझी साठवण मार्चपासून भरलेलीच नाही. लोकलच्या डब्यातल्या साड्या नाहीत, जांभळी नाका नाही, दुकानांच्या पाट्या नाहीत. तुझी बुद्धी आटलेली नाही, बाळा. डोळे उपाशी आहेत.

तेव्हा रोज काहीतरी बघायचं. गच्चीवर जाता येत असेल तर जा. पारसिकचा डोंगर आता हिरवा झाला असेल, त्यात हिरवे किती प्रकारचे आहेत ते शोध. पाऊस येऊन गेल्यावर परत बघ, रंग बदललेला असतो. मी सध्या अस्तराच्या उरलेल्या सुती तुकड्यांचे तीन पदरी मास्क शिवतेय. काल राणी रंगाच्या तुकड्याला शेवाळी नाडी लावली. नुसतं सांगितलं असतं तर मीच नको म्हटलं असतं, पण हातात धरल्यावर इतकं खुललं की तशाच आणखी जोड्या लावत बसले. पडद्यावर रंग निवडण्याआधी तूही घरातल्या ओढण्या एकमेकींशेजारी टाकून बघ.

उद्या सकाळी कागदावर जे काढशील, अर्धवट असलं तरी, त्याचा फोटो पाठव. तुमच्या सॉफ्टवेअरमधलं मला कळत नाही, रंगाचं मात्र खरं ते सांगेन. आणि मीटिंगच्या वेळा कळव, तेव्हा फोन करणार नाही. वरण-भात तरी गरम करून खात जा.

तुझी
आई