मागचे चाक बदलताना उलटसुलट बसवलेले स्पेसर : तक्रार पत्र

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : स्पोकचे मागचे चाक काढून अलॉय चाक बसवताना अधिकृत सर्व्हिस सेंटरने केलेली चूक (चाकाच्या दोन्ही बाजूंना आसावर बसणाऱ्या लहान नळ्या, म्हणजे स्पेसर, उलटसुलट बसवणे), तीन वेळा दाखवूनही ती न शोधणे आणि त्यातून झालेले नुकसान.

महोदय / महोदया,

माझ्याकडच्या आपल्या कंपनीच्या ३५० सीसी मोटरसायकलला आपल्याच कंपनीचा अलॉय चाकांचा किट कोल्हापुरातील आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बसवून घेतला. तेव्हा गाडी २१,४०० किमी चालली होती. पुढचे चाक नीट बसले. मागचे चाक बसल्यापासून मात्र गाडी सरळ रस्त्यावर एका अंगाने चालत होती, ७० च्या पुढे हँडलवर सतत जोर द्यावा लागत होता आणि चेनमधून करकर येत होती. पुढच्या १,८०० किमीत गाडी तीनदा सर्व्हिस सेंटरला नेली. पहिल्या खेपेला उजवा चेन ॲडजस्टर (मागचे चाक मागे-पुढे सरकवणारा स्क्रू) आवळून दिला, दुसऱ्या खेपेला टायरला दोष दिला आणि तिसऱ्या खेपेला 'रस्त्याला उतार असतो' असे सांगितले. तिन्ही जॉब कार्डांवर 'व्हील अलाइनमेंट ओके' असे लिहिले आहे. कोणते माप घेऊन ओके ठरवले, हे एकाही कार्डावर नाही.

रस्त्याच्या उताराचे आधी सांगतो. आपल्याकडचे रस्ते मधोमध उंच आणि कडेला उतरते असतात, म्हणून डावीकडून चालणारी गाडी थोडी डावीकडे ओढली जाणे स्वाभाविक आहे. पण ही गाडी रस्त्याच्या कोणत्याही भागावर, जाताना आणि येताना, एकाच बाजूला ओढत होती. हा रस्त्याचा दोष नाही. टायरची हवा, रिमचा डगमग (अर्धा मिमी, म्हणजे काहीच नाही) आणि कोनसेट (हँडलच्या दांड्याचे बेअरिंग) हे तिन्ही तपासून बाजूला काढले. एक्सल (चाकाचा आस) ठरलेल्या टॉर्कवर (जोरावर) आवळल्यावरही चाक मोकळे फिरते, म्हणजे स्प्रॉकेट कॅरिअरमधली (मागच्या दातेरी चक्राच्या बैठकीतली) नळी जागेवर आहे. ती राहून गेली असती तर नट आवळताच चाक जड झाले असते.

आता मापे. स्विंगआर्मवर (मागचे चाक धरणाऱ्या, पिव्हट बोल्टभोवती वर-खाली हलणाऱ्या दांड्यावर) ठोकलेल्या खुणांवर विसंबण्यात अर्थ नाही. दोन्ही बाजूंच्या खुणा एकमेकींशी तंतोतंत जुळतीलच याची खात्री नसते. म्हणून स्विंगआर्मच्या पिव्हट बोल्टच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी घेतले. डावीकडे ५४१ मिमी, उजवीकडे ५४२.५ मिमी. दीड मिमी ऐकायला किरकोळ वाटते. पण दोन ॲडजस्टरांमध्ये अंतर सुमारे २२० मिमी आणि व्हीलबेस (दोन चाकांच्या आसांमधले अंतर) १,३९० मिमी धरला, तर हाच दीड मिमी पुढच्या चाकापाशी पोहोचेपर्यंत नऊ-साडेनऊ मिमी होतो. मागचे चाक तितके तिरके धावत होते.

मग दोरी लावली. गाडी डबल स्टँडवर, हँडल सरळ बांधलेले. गवंडी वापरतात ती नायलॉनची दोरी मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी एक्सलच्या उंचीला ताणून पुढच्या चाकापलीकडे नेली, टायरच्या मागच्या-पुढच्या दोन्ही कडांना जेमतेम टेकेल अशी. व्हर्नियरने मोजलेली टायरची खरी रुंदी पुढे १०० मिमी, मागे १२० मिमी. म्हणजे चाके एका रेषेत असतील तर पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंना, पुढच्या आणि मागच्या कडेला, दोरी आणि रबर यांच्यात १०-१० मिमी फट दिसायला हवी. प्रत्यक्षात उजवीकडे मागच्या कडेला १३ आणि पुढच्या कडेला १७, तर डावीकडे मागे ७ आणि पुढे ३ निघाली. एकाच बाजूच्या मागच्या-पुढच्या फटीत फरक आला की चाक तिरके आहे, एवढे यावरून कळते. ॲडजस्टरने सुटणारा दोष तो हाच.

तो सोडवला. ॲडजस्टरचा स्क्रू ८ मिमी जाडीचा, त्याचा आटा १.२५ मिमीचा, म्हणजे नट एक पैलू (फेरीचा सहावा भाग) फिरवला की एक्सल साधारण ०.२ मिमी सरकतो. उजवीकडे सात पैलू ढिले केले. एक्सलचा नट आवळताना एक्सल मागे सरकू नये म्हणून चेन आणि स्प्रॉकेट यांच्यात जुने फडके घालून चाक मागे फिरवले, त्याने एक्सल दोन्ही ॲडजस्टरांवर घट्ट टेकतो. नट टॉर्कवर आवळला, मग पुन्हा मोजले, कारण नट आवळताना एक बाजू हमखास थोडी हलते. आता दोन्ही बाजूंना ५४१ मिमी आले. दोरी परत लावली, तर फट डावीकडे मागे-पुढे दोन्हीकडे १४ आणि उजवीकडे दोन्हीकडे ६.

आपल्या तंत्रज्ञांनी नेमके इथे थांबून विचार करायला हवा होता. मागच्या-पुढच्या फटी सारख्या झाल्या, म्हणजे चाक सरळ झाले. तरीही डावी-उजवी फट सारखी नाही, म्हणजे अख्खे चाक ४ मिमी डावीकडे सरकून बसले आहे. ॲडजस्टर चाकाला वळवतो, आडवे सरकवत नाही. तो कितीही फिरवला तरी हा दोष जाणार नाही, आणि पहिल्या खेपेला झाले ते हेच : मागचा स्प्रॉकेट बाहेर आलेला दिसला, तो पुढच्या स्प्रॉकेटच्या रोखाने आणायला उजवी बाजू दीड मिमी मागे ओढली. दोन स्प्रॉकेटांच्या मध्यांत अंतर साधारण ६०० मिमी. ४ मिमी लपवायला एवढाच तिरकेपणा लागतो, हिशेब बरोबर जुळतो. चेनची रेघ वरवर ठीक दिसली आणि सरकलेले चाक तिरकेही झाले.

चाक उतरवून दोन्ही बाजूंचे स्पेसर, मेकॅनिक ज्यांना बुश म्हणतात ते, मोजले. डावीकडचा १८ मिमी, उजवीकडचा २२ मिमी. सर्व्हिस सेंटरने गोणपाटात बांधून परत दिलेले जुने स्पोकचे चाक घरीच होते. त्याच्या डाव्या सीलमध्ये जुना स्पेसर काळ्या ग्रीससकट तसाच रुतलेला होता. पुसून मोजला : २२ मिमी. किटमधले दोन्ही स्पेसर बाहेरून दिसायला सारखे, रंग एकच, तोंडाचा व्यास एकच, कुठेही डावा-उजवा अशी खूण नाही. किटसोबतच्या कागदावर लांबीही दिलेली नाही. अदलाबदल झाली तरी दोघांची बेरीज ४० मिमीच राहते, म्हणून चाक स्विंगआर्ममध्ये विनातक्रार बसते आणि बसवणाऱ्याच्या हाताला काही जाणवत नाही. उजवीकडे डिस्कही ४ मिमी आत गेली होती, पण फ्लोटिंग कॅलिपरने (ब्रेक पॅड धरणाऱ्या, सरकत्या भागाने) पिनांवर सरकून ती चूक पोटात घातली, म्हणून ब्रेक लागत राहिला. स्पेसर अदलाबदल करून बसवले, दोरी लावली : दोन्ही बाजूंना, मागे-पुढे, १०. गाडी आता सरळ चालते. व्हर्नियरवरची मापे आणि दोरी लावलेली तिन्ही वेळची स्थिती यांचे फोटो सोबत जोडले आहेत.

दोष निघाला, नुकसान राहिले. १,८०० किमी तिरक्या रेषेत ओढली गेल्याने पुढच्या स्प्रॉकेटच्या दातांची एकच बाजू घासून धारदार आणि चकचकीत झाली आहे, चेनच्या आतल्या पट्ट्यांवर तशीच खरवड आहे. चेन आता एका जागी ताणली की दुसऱ्या जागी ढिली पडते. सर्वांत आवळ जागी मॅन्युअलप्रमाणे २५ मिमी ढिलाई ठेवली, तर उरलेल्या भागात ती ४० मिमीपर्यंत लोंबते. मागच्या ब्रेकचा एक पॅड दुसऱ्यापेक्षा दीड मिमी जास्त झिजला आहे. नवे चाक, नवा टायर आणि मधूनच आवळणारी चेन घेऊन गाडी घाटात उतरत होती. चेन स्प्रॉकेटवरून उतरून मागच्या चाकात अडकली, तर चाक जागेवर जाम होते. मागे कुणी बसलेले असेल तर त्याचे काय होईल, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. ओळीने तीन वेळा 'ओके' लिहिणाऱ्यांनी याचा विचार केला नाही, याचा मला मनापासून राग आहे.

माझी मागणी अशी. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेटचा पूर्ण संच, मागचे ब्रेक पॅड आणि कॅरिअरचे बेअरिंग कंपनीने मोफत बदलून द्यावे. बेअरिंगचा आवाज अजून येत नाही, तरी तिरका ताण इतके दिवस त्याने सोसला आहे. मूळ फिटिंगची आणि नंतरच्या तीन खेपांची मजुरी परत मिळावी. हे काम दुसऱ्या अधिकृत सेंटरला, दोरीने किंवा लेझरने घेतलेली मापे जॉब कार्डावर लिहून, माझ्यासमोर व्हावे. आणि यापेक्षा महत्त्वाचे : या किटमधल्या स्पेसरांवर 'डावा' आणि 'उजवा' कोरावे, सोबतच्या कागदावर २२ आणि १८ ही मापे छापावीत, आणि ज्या गाड्यांना हा किट आपल्या सेंटरांत बसला आहे त्यांच्या मालकांना बोलावून एकदा दोरी लावून पाहावी. एका गाडीला दोन माणसांची २० मिनिटे पुरतात.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(११) प्रमाणे ही सेवेतील त्रुटी आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून, मी राहतो त्या कोल्हापूर जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागेन. काढलेले जुने स्प्रॉकेट आणि चेन मी देणार नाही, ते आयोगासमोर ठेवायचे असल्यास लागतील. तपासणीसाठी आपला तंत्रज्ञ आला तर त्याला दाखवीन.

कळावे,
आपला ग्राहक
(सही)

सोबत : चार जॉब कार्डांच्या प्रती, किटचे बिल, मापांचे फोटो